आई दारात आणि वहीत ती येऊन गेलेली

मंडळी, आज जे झालं ते लिहून टाकतो.

मी कामाला आहे त्या संगीताताईंच्या पाळणाघराची नुकतीच सरकारी नोंदणी झाली, त्यामुळे आता वही ठेवावी लागते. मूल कधी गेलं, कोणी नेलं हे वहीत लिहिणं माझं काम. रोज सहाला मुलांच्या आईच न्यायला येतात, म्हणून आज मी दुपारीच सगळ्यांपुढे 'सहा वाजता, आईने नेले' लिहून मोकळा झालो. मग दूध आणायला गेलो आणि वाटेत देवळातलं सनईसारखं नादस्वरम ऐकत उभा राहिलो.

सहाला परत आलो तर यामिनीची आई दारात. पोरगी आत नाही. ताई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनाही पत्ता नाही. आईने वही ओढून वाचली आणि किंचाळलीच, "मी नेलं? मग मी इथे काय करतेय?"

मदतीच्या सेल्वीअक्का नुकत्याच घरी गेलेल्या. त्या मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. त्यांना फोन लावला.

"आजी आली, नेलं. लिहायला गेले, तर रकाना भरलेला. मग कुठे लिहू, तंबी?"

यामिनी आजीकडे मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, खात होती. तिची आई मात्र जिन्यातच बसून रडली.

खरं सांगा, उद्या तुमचं मूल माझ्याकडे सोडाल?