चार्जगुरुजी

माणूस पदाने मोठा होत नाही, कर्माने होतो, असे पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर गेरूने लिहिलेले होते. गुरुजींनी स्वतः शिडीवर चढून ते लिहिले होते. खाली सही केली होती आणि सहीखाली पद घातले होते: इनचार्ज हेडमास्तर.

मी त्या शाळेत नवा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा जुने हेडमास्तर कधीच निवृत्त झाले होते आणि शाळेचा चार्ज गुरुजींकडे होता. कायम नेमणूक तेव्हाच्या राजधानीत, नागपूरला अडकली होती. ती आज येईल, उद्या येईल, असे म्हणता म्हणता गाव त्यांना चार्जगुरुजी म्हणू लागले. मूळचे ते सौंसरचे. संत्र्याचा बगीचा धाकट्या भावावर सोपवून शिकवायला आलेले. हेडमास्तरांची खुर्ची ते रोज सकाळी धोतराच्या सोग्याने पुसत आणि शेजारच्या स्टुलावर बसत. मी एकदा म्हटले, "बसा की गुरुजी, कोण पाहून राहिलं?"

"खुर्ची पाहून राहिली ना," ते म्हणाले.

इंग्रजीच्या वर्गात चार्ज या एका शब्दावर ते अख्खा तास घेत. फौज शत्रूवर तुटून पडते तो चार्ज, पोलीस लाठ्या घेऊन आपल्यावर पडतात तोही चार्ज. कोर्टात आरोप ठेवतात तो चार्ज, हमाल पेटी उचलण्याचे मागतो तो चार्ज, आणि रेडिओची बॅटरी संपली की तीही चार्ज होऊन येते. एवढे अर्थ ध्यानात कसे ठेवायचे, असे मुलांनी विचारले की ते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीचा दाखला देत म्हणत, "शब्द म्हणजे गोटमारीतला माणूस रे. जामच्या ह्या काठावर उभा असला त आपला, सावरगावच्या काठावर असला त त्याले गोटा. माणूस तोच. पहिले काठ पाहा, मंग अर्थ लावा."

एका पोराने विचारले, "गुरुजी, तुमचा चार्ज कोणता?"

"माहा हमालाचा. फक्त पैसे मांगत नाही."

मग राज्य बदलले. नागपूर-वऱ्हाड मुंबईकडे गेले, आम्ही जुन्याच नावाच्या नव्या राज्यात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. सभेत वक्ते म्हणाले, इतिहासाचे पान उलटले. गुरुजींपुरता त्याचा अर्थ एवढाच होता, की त्यांची नेमणूक नागपूरहून निघाली होती आणि भोपाळला पोचली की नाही हे कोणी सांगेना. शेवटी निरोप आला. भोपाळचे शिक्षणखात्याचे साहेब शाळा पाहायला येणार होते, आणि गुरुजींना कायम करायचे की नाही ते त्यांच्या शब्दावर ठरणार होते.

साहेब नागपूरकडून येतो, हे पांढुर्ण्यात पिढ्यानपिढ्या ठरलेले होते. इंग्रज साहेब तिकडून आला, देशी साहेबही तिकडून आला. हार घालायचा फलाटही ठरलेला. आमच्यात भूगोल शिकवणारे दोघे होते; भोपाळ इटारसीच्या बाजूला आहे, असे ते रोज वर्गात सांगत. तरी सगळी शाळा हार घेऊन नागपूरच्या गाडीला उभी राहिली.

ती गाडी यायच्या आधी समोरच्या फलाटावर इटारसीकडची गाडी लागली. बंद गळ्याच्या कोटातले एक गृहस्थ एकटेच उतरले आणि आमच्याकडे पाहत थांबले. कापसाच्या व्यापाऱ्याचा माणूस असेल, असे आम्हाला वाटले. मुलेही तिकडे पाहू लागली तसे गुरुजी म्हणाले, "तिकडे काय पाहून राहिले रे? नागपूरकडे पाहा." मुलांनी पाठ फिरवली आणि स्वागतगीत शेवटचे घोटून घेतले. दोन कडवी ऐकून ते गृहस्थ निघून गेले.

नागपूरच्या गाडीतून साहेब उतरला नाही. तेवढ्यात शाळेचा चपराशी धावत आला. "गुरुजी, साहेब शाळेत येऊन बसले जी. खुर्चीवर."

आम्ही पोचलो तेव्हा साहेब शांत होते. ओरडले असते तर बरे झाले असते.

"इंचार्ज कौन है?"

"मैं हूँ, साहब."

"और स्कूल?"

"स्टेशन पर है, साहब."

कोणी हसले नाही. "यह किसने तय किया?" साहेबांनी विचारले. ते आम्ही सगळ्यांनी मिळून, चहा पिता पिता ठरवले होते. खरे तर ठरवायची गरजही कोणाला वाटली नव्हती. आता सगळे आपापल्या चपला पाहू लागले. हार गुरुजींच्या हातावरच लोंबत होता. "चार्ज मेरे पास है," ते म्हणाले, "गलती भी मेरी."

संध्याकाळी घराकडे जाताना मी म्हटले, "गुरुजी, आपण सगळेच होतो."

"होते ना," ते म्हणाले. त्यांची मान वर होत नव्हती. मग म्हणाले, "पोराईले सांगत होतो, पहिले काठ पाहा. अन् म्याच नाही पाह्यला."

गुरुजी कायम झाले नाहीत. भोपाळहून दुसरे हेडमास्तर नेमले गेले. त्यांना आणायला गुरुजी एकटेच गेले. आम्हाला येऊ नका म्हणाले, आणि आम्हीही फार आग्रह धरला नाही. हार घेऊन ते वेळेच्या आधीच समोरच्या फलाटावर, इटारसीच्या गाडीला उभे राहिले.

नवे हेडमास्तर नागपूरच्या गाडीने आले. त्यांची सासुरवाडी तिकडची होती.