मारोतरावांचा दुसरा गट

कोणताही परवाना आला की मारोतराव आधी तो काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावत. सेलूच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला, त्यातल्या माहितीची रोज नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमचं लायसन आलं, तेही त्यांनी वजनकाट्याच्या परवान्याशेजारी ठोकलं. इन्स्पेक्टर आला तर दाखवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. असा इन्स्पेक्टर नसतो, हे ठासून सांगण्याइतकी माझीही खात्री नव्हती. मी औरंगाबादला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली ऑपरेटर; ते राणीसावरगावचे, पस्तीस-चाळीस वर्षं दप्तर सांभाळत आलेले.

लायसन दोन गटांचं होतं. एका गटात एकच रजिस्टर बसे, आणि गटात असेल त्याचीच नक्कल फ्लॉपीवर निघे. कंपनीच्या माणसानं हे अर्ध्या तासात, बरंचसं इंग्रजीत सांगितलं आणि गाडी पकडायला तो निघून गेला. साहेबांनी पहिला गट कापसाच्या गाठींच्या साठ्याला दिला आणि दुसरा तुम्ही ठरवा म्हणाले. उरली होती दोन रजिस्टरं: कायम नोकरांच्या सेवेचं आणि कापूस निवडणाऱ्या हंगामी बायांच्या हजेरीचं. सगळं मशीनवर चढल्यावर जुनी कागदी रजिस्टरं साहेबांनी उत्साहाच्या भरात रद्दीत घातली होती.

जिनिंगमधला माणूस आगीला फार भितो. कुठलाही पेच पडला की मारोतरावांचा एकच प्रश्न असे, "आग लागली तर हातात काय धरून पळताल, ते आदी सांगा." यावेळी मात्र दोन दिवस ते मलाच प्रश्न विचारत राहिले. गट मागाहून बदलता येतो का? गटात नसलेलं रजिस्टर मशीन विसरतं का? मी सकाळी एक सांगे, दुपारी दुसरं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'हजेरी'. मी तसं केलं. त्या बायांना कायम करण्याचा विचार चालला होता आणि त्याला सलग हंगामांची हजेरी लागणार होती, एवढं मला माहीत होतं. काय बाहेर राहिलं याचा विचार मी केला नाही, याची अजून लाज वाटते.

उन्हाळ्यात मशीनची डिस्क गेली. फ्लॉपींवरून साठा परत आला, हजेरी आली. बाया कायम झाल्या. सेवेचं रजिस्टर मात्र गेलं; मारोतरावांच्या निवृत्तीला चार महिने होते आणि त्यांच्या नोकरीची नोंद कुठंच नव्हती.

मी त्यांच्यावर चिडले. हे होणार हे तुम्हाला कळलं होतं का, असं सरळ विचारलं. ते चष्मा पुसत बसले.

"मला काय कळतंय ताई त्यातलं," ते म्हणाले. "पण मी रोज हितं बसायलोय, समद्यांनी पाह्यलंय. त्या बायांला कोनी पाह्यलंय?"

हे उत्तर होय होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

साहेबांनी मारोतरावांच्या नोकरीबद्दल साक्षी मागवल्या. बायांना कोणी निरोप दिला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी चाळीसेक जणी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसल्या. एकेक आत येई, सांगे, अंगठा उठवी. मी टाइप करी. मारोतराव कधीपासून इथं आहेत, साल सांगा, असं साहेब प्रत्येकीला विचारत आणि साल एकीलाही सांगता येईना. साहेब वैतागले. सगळ्यांत म्हातारी गयाबाई म्हणाली, "साल न्हाई ठावं साहेब. माजी थोरली पोटात होती. मला भवळ आली तवा यांनी आपल्या खुर्चीवर बसवलं, अन् हजेरी पुरी मांडली. ती थोरली आता भाईर बसलीय, तिला बगा अन् तुमीच साल काडा."

साहेब उठून दारापर्यंत गेले. ओट्यावर गयाबाईची थोरली आपलं नातवंड मांडीवर घेऊन बसली होती.