तांदूळ उचलायची वेळ

मी मुळात भित्री. तलासरीच्या बाजारात कुणी मोठ्यानं खाकरलं तरी दचकते. तेव्हा हे माझ्या धीराचं काही नाही, आधीच सांगून ठेवते.

पंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. आमच्याकडे वाडीमालक भाऊ म्हणतील ती पूर्व, आणि उभेही तेच होते. विरोधात गेलेल्या एकाची विहीर बुजवली, दुसऱ्याचं काम सुटलं. तक्रार करायची कुणाची छाती झाली नाही. त्या वर्षी भाऊंनी फर्मान काढलं, की प्रत्येक घरानं त्यांच्या चिकूच्या वाडीवर यायचं आणि पाड्याच्या देवाचं करणाऱ्या भगताच्या सुपातले तांदूळ मुठीत घेऊन भाऊंनाच मत द्यायची शपथ घ्यायची. तांदूळ उचलून दिलेला शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं, असं पाड्यावर सगळे मानतात.

आमची चार घरं येशूची. शपथ वाहायची नाही, अशी आमची शिकवण. नवरा म्हणाला, "नाय घेतली तर प्रार्थनेची झोपडी राहायची नाय." कुडाची ती झोपडी आम्ही बायांनी सारवलेली, तेवढंच आमचं देऊळ. प्रार्थनेला बसले, भाऊंना तूच अडव म्हणून देवाला सांगू लागले, तर देवाचाच राग आला. शिष्यांचे पाय धुणारा आमचा प्रभू! इथं अशाचं कोण ऐकतंय?

वाडीवर चिकूखाली भाऊ खुर्चीत, बाकी सगळे उकिडवे. एकेक जण मूठ भरून शपथ घेत होता आणि तांदूळ मुठीत धरूनच बाजूला बसत होता. माझी पाळी आली. "भाऊ, आम्हाला शपथ चालत नाय," एवढंच कसंबसं निघालं.

भाऊ हसले. "काय गं, तुझा येशू येणार का झोपडी वाचवायला? उद्या जेसीबी लावतो."

झालं, माझं अवसान गळालं. मी हात पुढे केला हो, खरंच केला. बोटं तांदळाला लागणार तोच भगतानं सूप मागं ओढलं. आम्ही येशूकडे गेलो म्हणून हा म्हातारा वर्षानुवर्षं आमच्या घरचं पाणी प्यायला नव्हता!

"भाऊ, भ्यालेल्या हातातले तांदूळ माझा देव घेत नाय," तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "ज्यानं भिऊन उचललं, त्यानं परत टाका."

आधी एका म्हातारीनं सुपात मूठ सोडली. तिच्यामागून एकेक करत सगळ्यांनी. भाऊ ताडकन उठले. पण भगताला बोलायची त्यांची हिंमत झाली नाही. भगताच्या देवाला तेही भीत होते. गाडीत बसून गेले.

निवडून भाऊच आले. झोपडीला मात्र हात लागला नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत भगताच्या दारी गेले. हात जोडले तर म्हणाला, "तुझ्यासाठी नाय केलं, बाय. माझ्या देवाची लाज राखली."

त्यात माझाही देव होता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले नाही. म्हातारा चिडला असता. घरी येऊन गुडघे टेकले आणि पोटभर रडले. कसं वाचव, कुणाच्या हातून वाचव, हे देवाला सांगायचं मी तेव्हापासून सोडून दिलं.