शर्टाची बाही

माझी मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही. ती तीन वर्षांची असताना रोज सकाळी मी तिला फसवून कामाला जायचो. हे मी बराच काळ कुणाला सांगितलं नाही. बायकोला माहीत होतं, कारण ती घरातच असायची.

सांगून निघालो की मुलगी पायाला मिठी मारायची. मी लिफ्टचा मेकॅनिक, तक्रार आली की धावायचं. आमच्या आईने तोडगा काढला, "चपला हातात घी नि गपचीप जा. कळला नाय तर रडाचा नाय."

मी त्याच्याही पुढे गेलो. आदल्या दिवशीचा घामाचा शर्ट उशीला चढवून तिच्या शेजारी ठेवायचो. वासावरून तिला वाटायचं, बाबा झोपलाय. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांतून चोरपावलांनी निघायचो, जिना उतरल्यावर चपला घालायचो. स्वतःच्या हुशारीवर खूशही असायचो.

"बाहीत हात घालून शोधते ती तुम्हाला," बायको एकदा म्हणाली. "पार टोकापर्यंत. मग गप्प बसून राहते."

"रडत नाही ना?" मी विचारलं. आणि पुढे कित्येक महिने तेच करत राहिलो.

चार वर्षांची झाल्यावर तिला मुलुंडच्या एका बालवर्गात घातलं. तिथे काही मुलांना दिसत नाही, काहींना ऐकू येत नाही. महिन्याभरात तक्रारी सुरू. शेजारी कुणी बसलं की ही त्याच्या बाहीत बोटं घालायची, मनगट धरायची आणि सोडायचीच नाही. पोरं किंचाळायची. एका मुलाचे बाबा गेटवर मला म्हणाले, "तुमची पोरगी पोलिसात जाणार बघा. सगळ्यांची झडती घेते!" मीही हसलो.

हळूहळू तिच्याजवळ कुणी बसेना. डब्याच्या वेळी ती चटईच्या टोकाला एकटी. बालवर्गाच्या ताईंनी मला बोलावून विचारलं, "घरी कुणी तिला न सांगता निघून जातं का?"

"नाही," मी म्हणालो.

ताई बिचाऱ्या कारण शोधत राहिल्या. कदाचित ऐकूही कमी येत असेल, कान तपासून आणा म्हणाल्या. आम्ही तेही केलं. तपासणी होईपर्यंत ती माझी बाही धरून बसली होती, आणि कशासाठी धरलीय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. कान उत्तम निघाले. परतताना रिक्षात तिने बाहीतून हात घालून माझं कोपर चाचपलं, खात्री केली, मग डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ताईंपुढे उभा राहिलो आणि सांगून टाकलं. शर्टासकट.

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. "अहो दादा, माणूस आहे की नुसता कपडा, हे तिने ओळखायचं कसं मग? धरूनच ठेवणार ना ती." मग म्हणाल्या, "उद्यापासून तिला चपलेला हात लावू द्या, मनगटावर दोनदा थोपटा, 'जातो' म्हणा, आणि जा. आल्यावरही आधी चपलेला हात."

"रडेल ना पण."

"रडू दे. कळलं म्हणून रडेल."

रडली. जिना उतरेपर्यंत ऐकू यायचं. "चेडवाक रडवतंस कित्याक?" म्हणत नातीची बाजू घेऊन आई माझ्याशी बोलेनाशी झाली. शर्ट बादलीत गेला.

मग एका सकाळी मी डब्याचं झाकण लावलं. टक. त्याबरोबर मुलगी उठली, भिंतीला हात लावत दारापाशी गेली आणि माझ्या चपला मांडीवर घेऊन बसली. मनगट आपणहून पुढे केलं.

"संध्याकाळी?" तिने विचारलं.

"संध्याकाळी."

एक चप्पल दिली. दुसरी थोडा वेळ धरून ठेवली. मग तीही दिली.

वर्गातही ताईंनी ती खूण सगळ्यांना शिकवली. कुठेही उठून जायचं तर शेजारच्याचं मनगट दोनदा थोपटायचं. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला हा खेळ फार आवडला. ती थोपटून झोपाळ्याकडे पळते, परत येऊन पुन्हा थोपटते. आमची मुलगी हात पुढे करून तिची वाट बघते. आता दोघींचे डबे एकाच रुमालावर असतात.

गेल्या आठवड्यात ती मैत्रीण आमच्या मुलीला आत न्यायला गेटपर्यंत आली. दोघी हात धरून निघाल्या. आमची चार पावलांवर थांबली, मैत्रिणीला ओढत मागे आली. माझी बाही वर सारली, मनगटावर दोनदा थोपटलं.

"जाते," म्हणाली, आणि गेली.