सेन्सरला मोकळी हवा दाखवायला दाजीपूरला

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरचं पार्सल हातात पडलं आणि माझं कामावरचं लक्ष उडालं. मी कोइमतूरला एका वर्कशॉपात वेल्डिंग करतो, गाव माझं हुपरी. तिथं दोस्त महावीरच्या शेडमध्ये माझी जुनी आठशे सीसीची गाडी उभी होती. आम्ही दोघांनी मिळून तिला पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले होते, लॅपटॉपवरनं ट्यून होणारा इसीयू, म्हणजे इंजिनाचा मेंदू, बसवला होता. पण पेट्रोल किती सोडायचं ते कशावरनं ठरवायचं? इंजिनातनं बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते मोजायला लागतं, आणि हा सेन्सर नेमकं तेच करतो. अंदाजानं ट्यून केलेल्या गाड्यांचे वितळलेले पिस्टन मी पाहिलेत. साहेबाला म्हटलं, घरी काम आहे. खोटं काय होतं त्यात?

कोइमतूरहून बेंगळुरू आणि तिथनं कोल्हापूरची स्लीपर, असा आपला रस्ता. वरचा बर्थ घेऊ नका, हुबळीपर्यंत नुसतं उडायला होतं. हुपरीला जायचं असेल तर कोल्हापूरपर्यंत जायचं काम नाही, कागलला हायवेवर उतरा, पुढं वडापची जीप मिळते. मी मात्र सरळ कोल्हापूरला उतरलो, कारण महावीर तिथंच गाडी घेऊन येणार होता. मिसळ खाल्ली. दुसऱ्यांदा कट, म्हणजे तिखट रस्सा, मागितला तर वाढणारा म्हणाला, "पावणं, डोळ्यात पाणी आलंय, आता बास करा की!"

सेन्सर बसवायला सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून एक जाड नट वेल्ड करायचा असतो. तो थोडा वरच्या अंगाला तिरका पाहिजे, खाली ठेवला तर पाणी साठून सेन्सर मरतो. मंगळवार पेठेत एका मिस्त्रीकडं चांगलं मशीन आहे. त्यांना म्हटलं, वेल्डिंग मीच करतो.

"करा की. मशीन माझं, हात तुमचा. जळलं तर बोंबलायचं न्हाय."

झाल्यावर त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि महावीरला विचारलं, "ह्याला परत कशाला पाठवतोयस रं तिकडं?" दिवसभर छाती फुगलेली होती माझी.

हुपरीत महावीरच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. अर्ध्यात त्याचे वडील, अण्णा, गॅसच्या बर्नरवर पैंजणांच्या कड्या जोडतात. उरलेल्या अर्ध्यात आमची गाडी. महावीरला चांदीचं काम सोडून गाड्या ट्यून करायच्या आहेत आणि अण्णांना तिथं पॉलिशचं मशीन बसवायचंय. सेन्सर पाइपात घालण्याआधी साध्या हवेत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याला सांगायचं, बाबा, ही हवा, इथनं मोजायला लाग. आम्ही तो शेडमध्येच वायरला लटकवून केला. अण्णा बर्नर चालूच ठेवून, काम थांबवून आमच्याकडं बघत होते.

"झाली का पूजा?" ते म्हणाले. "उद्या मला राधानगरीला भनीकडं सोडा. गाडी नीट गेली तर शेड तुमचं. न्हाय गेली तर गाडी भाईर आणि मशीन आत."

महावीर त्या रात्री धड जेवलाही नाही.

सकाळी कागल, मुरगूड करत निघालो. मी चालवतोय, महावीर मांडीवर लॅपटॉप घेऊन बाजूला, अण्णा मागं पिशवी धरून. बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत मळीचा वास, पुढं जायला जागा नाही. तोवर महावीर पेट्रोलचे आकडे जुळवत होता. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. राधानगरी आली तसा तो म्हणाला, "अण्णा, आत्तीकडं मागनं जाऊ. आधी दाजीपूरचा चढ दावतो तुम्हाला."

चढाला लागलो आणि इंजिनातनं टकटक सुरू झाली. तापमानाचा काटा वर चढायला लागला. जोर लागताना पेट्रोल कमी पडलं की असंच होतं.

"पेट्रोल वाढव," मी म्हणालो.

"मीटर बरोबर दावतंय की!"

"मीटर ऱ्हाऊ दे, कान हायत न्हवं तुला?"

मागनं अण्णा म्हणाले, "पॉलिशचं मशीन असला आवाज करत न्हाय."

महावीरचा चेहरा उतरला. मी गाडी वळवली आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडून दिला. अशा वेळी इसीयू पेट्रोल बंद करतो, पाइपातनं नुसती हवा जाते. मी नववीत शाळा सोडली, पण हवेत एकवीस टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो एवढं डोक्यात आहे. लॅपटॉपवर सव्वीस आला. हवेत असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन!

दोघांनी एकदमच एकमेकांकडं बघितलं. "बर्नर!" महावीर ओरडला. जळता गॅस शेजारी असताना शेडमधली ती कोंदट हवा आम्ही सेन्सरला मोकळी हवा म्हणून शिकवली होती. कमी ऑक्सिजनला तो पुरा समजत होता, म्हणून सगळंच फुगवून सांगत होता: उतारावर ऑक्सिजन जास्त आणि चढावर पेट्रोलही जास्त.

"आता माझ्यावर ढकला," अण्णा म्हणाले.

गाडी झाडाखाली लावली. पाइप थंड होईपर्यंत अण्णांच्या पिशवीतल्या भाकरी आणि खर्डा खाल्ला. बहिणीसाठी नेलेल्या होत्या त्या. मग सेन्सर काढला, फांदीला लटकवला, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. वारा जंगलाकडनं येत होता, अख्ख्या रस्त्यात दुसरी गाडी नव्हती. पुन्हा कॅलिब्रेट केला, बसवला, चढाला लागलो. आता मीटरच सांगायला लागलं की पेट्रोल कमी आहे. महावीरनं वाढवत नेलं, टकटक गेली, काटा जागेवर. मीच ओरडलो, "अण्णा, आता सांगा!"

आरशात बघितलं तर अण्णा तोंड उघडं टाकून झोपलेले. आत्तीच्या दारात हलवून उठवावं लागलं. "आलो व्हय?" म्हणाले आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो तर अण्णा बर्नरचा सिलिंडर ढकलत परसात नेत होते. महावीर धरायला धावला तर खेकसले, "सोड, जमतंय मला. त्या कोपऱ्यात तुझं टेबल टाक. आणि नीट झाडून घे आधी."

परत येताना गाडीनंच आलो, एकटा. चित्रदुर्गपर्यंत गाणं लावायचीही आठवण झाली नाही, इंजिनच ऐकत होतो. ॲव्हरेज पहिल्यापेक्षा बरं पडलं. तुम्हीही असला सेन्सर बसवणार असाल तर गॅरेजात कॅलिब्रेट करू नका, लांब उघड्यावर जा आणि सोबत भाकरी न्या.

कोइमतूरच्या खोलीत आल्यावर दोन दिवस अंथरुणात पडलं की चढच दिसत होता. इथं काम चांगलं आहे, पगार वेळेवर होतो, तक्रार नाही. काल महावीरचा फोन आला. कागलच्या एका मास्तरांची गाडी दारात आलीये, पहिलं गिऱ्हाईक. तो बोलत असताना मागनं अण्णांचा आवाज ऐकू आला, अख्ख्या गल्लीला जाईल असा:

"फोन ठेव की आधी! मास्तर खोळंबल्यात!"