स्वित्झर्लंडऐवजी भिवपुरी

माझा थोरला भाऊ लंडनला असतो. त्यानं कळवलं होतं, "दोघं या, तिकिटांचं मी बघतो. इथून स्वित्झर्लंडला नेतो." घरात सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, यांचे डोळे आहेत तोवर जाऊन या. यांना काचबिंदू. कडेचं दिसेनासं झालं होतं, समोरचं तेवढं दिसायचं, आणि तेही हळूहळू जाणार असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी पासपोर्टच्या मागे लागले. हे मात्र एका दुपारी चहा पिता पिता म्हणाले, "बर्फ मी जन्मात पाहिला नाही. तो नाही दिसला तर माझं काय अडणार आहे? मला एकदा भिवपुरी बघून घ्यायचीय."

'बघून घ्यायचीय' हे शब्द मला मुळीच आवडले नाहीत. ते निरोप घ्यायला निघाल्यासारखे वाटले. डॉक्टरांकडून आल्यापासून हे पुढचं काहीच बोलत नसत. नवा सदरा शिवायचा म्हटलं तरी "कशाला आता" म्हणून मोकळे. भिवपुरी बघून झाली की हा माणूस आतून मिटून जाईल, याची मला खरी धास्ती होती. तरी निघालो. माघातली थंडी होती, पुण्याहून सकाळच्या गाडीनं घाट उतरलो.

कर्जतला उतरून गरम वडे घेतले. मी आपली एकसारखी सांगत होते, इकडे बघा डोंगर, तिकडे बघा शेत, ते बघा बगळे. हे वडा हातात धरून जिकडे बोट दाखवीन तिकडे मान फिरवत होते. शेवटी वडा फलाटावर पडला आणि हे म्हणाले, "अगं, जरा गप्प बस. मला खाऊ दे."

पुढे भाजीचा रिकामा टेंपो मिळाला. यांचे वडील भिवपुरीच्या वीजघरात कामाला होते आणि यांचं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. डोंगरावरच्या धरणाचं पाणी जाड नळांतून खाली येतं, वीज करून कालव्याला लागतं. त्यामुळे भर थंडीतही तिथली शेतं हिरवी असतात. नळ दिसले तसं यांनी टेंपो थांबवायला लावला आणि किती तरी वेळ टक लावून उभे राहिले. मी विचारलं, "काय बघताय एवढं?" म्हणाले, "काही नाही. झालं." मी घाईनं यांना पुन्हा टेंपोत बसवलं.

कालव्याच्या अलीकडे नामदेवचं घर. हा यांचा शाळेतला सोबती. त्याचेही वडील वीजघरातच होते. पुढे नामदेवनं तीच नोकरी धरली आणि आता घरची शेती बघतो. ओटीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजा झेंडू. मी यांना हाताला धरून पायरी चढवत होते, एवढ्यात आतून आवाज आला, "दिन्या, येवढा उशीर? वहिनी, याला सोडा. पायऱ्या त्याच हायेत, काय पडत नाय तो."

मी संधी साधून नामदेवना बाजूला घेतलं आणि डोळ्यांचं सगळं सांगितलं. जरा जपून बोला, त्यांच्या मनाला लागतं, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी खळ्यावर पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा (शेताच्या बांधावर उगवणारा उग्र वासाचा पाला) थर, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मग तोंडाशी पुन्हा पाला गच्च. आत पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. झाली की नाही ते उघडून बघता येत नाही. तापल्या मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन पाणी लागलीच उडालं तर झाली.

नामदेवनी पाण्याचा तांब्या सरळ यांच्या हातात दिला. "तू सांग रं, दिन्या."

मी घाबरून पुढे झाले. "अहो, जाळ आहे, त्यांना अंदाज..."

"बसा वो वहिनी," नामदेवची बायको कमळ म्हणाली आणि मला सुपाशेजारी बसवलं.

यांनी पाणी शिंपडलं, कान लावून ऐकलं, मग नाकानं वास ओढला. "झाली," म्हणाले, अगदी हेडमास्तरांच्या थाटात. मडकं काढलं, पाला ओढला, शेंगा गोणपाटावर ओतल्या. मी एक सोलून तोंडात टाकली. दाणा कच्चा. मी मुकाट्यानं चावत राहिले आणि म्हटलं, "वा, छान झालीय."

नामदेवनी हातातली शेंग जाळात फेकली. "कच्ची हाय. वहिनी खोटं बोलत्यात. ल्हानपनी बी असाच घाई करायचा हा, आन् आमी सगळी पोरं रातभर पोट धरून बसायचो."

मला वाटलं, संपलं. आणि हे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. घरी यांना कुणी चूकच म्हणत नव्हतं, मीसुद्धा. सगळे मिळून आम्ही यांना काचेचं भांडं करून ठेवलं होतं, हे मला त्या जाळापाशी बसून कळलं.

दुसरं मडकं लावलं. तांब्या पुन्हा यांच्याकडेच. या वेळी दोनदा "नाही अजून" म्हणाले आणि मग "आता काढ." शेंगा लोण्यासारख्या झाल्या होत्या.

खाताना हे हळूच म्हणाले, "नाम्या, पुढं मला दिसायचं नाही."

नामदेव बटाटा फोडत होते. "दिसायला कशाला लागतं? मडक्याच्या आत मला तरी कुटं दिसतं? खा गुमान."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. गाडी घाट चढायला लागली. मी मुद्दाम काही दाखवत नव्हते. हे डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोप लागली.

"पुढच्या माघात शेंगा मी निवडणार," हे एकदम म्हणाले. "कमळवहिनींनी निम्म्या किडक्या घातल्या होत्या. आणि तू एक जाड स्वेटर घे, काल कुडकुडत होतीस."

तोंड वळवून मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नुसता बोगदा होता.