बोरीच्या वाळूत अडकलेली जीप आणि लाल नदीवरचा पूल

नारायणगाव सोडून उजवीकडे वळलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि लान चौथं संत्रं सोलत होती. लान म्हणजे माझी पाहुणी, व्हिएतनाममधल्या हनोईची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि ती वर्षभरासाठी आमच्याकडे शिकायला आली होती. तिला बोरी बुद्रुकची राख बघायची होती. कुकडीच्या काठात तिथं ज्वालामुखीच्या राखेचा एक पांढुरका थर आहे, हजारो वर्षांपूर्वी थेट इंडोनेशियाकडून उडत आलेला. “म्हणजे माझ्याआधी आमच्या बाजूची राख पोचली,” असं ती इंग्रजीत म्हणाली आणि स्वतःच हसली.

राख बघून झाली, पिशव्या भरल्या. मला जीप चालवता येते असा माझा समज होता, तो नदीतल्या वाळूनं दहा मिनिटांत काढून टाकला. चाकं फिरत राहिली आणि जीप खाली बसत गेली. काठावरून पासष्टीचे एक गृहस्थ शांतपणे बघत होते.

“म्याडम, उतरा खाली. गाडीवर चिडून ती निघत नसती.”

हे तात्या. त्यांनी चाकांची थोडी हवा सोडली, उसाचं पाचट (उसाचा वाळलेला पाला) आणून चाकांखाली दाबलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. जीप अशी अलगद वर आली की मी वरमले. मग त्यांनी विचारलं, “ह्या पावण्या कुठल्या?”

“हनोईच्या.”

तात्यांनी इंजिनच बंद केलं. “मी तिथं जीप चालवलीय. दीड वर्ष.”

त्यांच्या घरी जेवायला थांबावंच लागलं. साळूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मासवड्या केल्या होत्या (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या बेसनाच्या वड्या). नावाचा अर्थ सांगितला तशी लान रश्श्यात मासा शोधत राहिली आणि मी तिला मुद्दामच बराच वेळ शोधू दिला. अंगणात बातमी लागून पाचसहा माणसं जमली. त्यांतले बबनराव हे तात्यांचे शेजारी आणि त्यांना छळण्यात पहिले.

“म्याडम, तुमाला सांगितलं का यांनी? लई वर्सं ऐकतोय आमी. मिलिट्रीत डायवर असताना तात्या देवळालीच्या कॅम्पापुढं गेलाच न्हाई, पण गप्पा हनोईच्या.”

सगळे हसले. काकूसुद्धा. तेवढं मात्र मला खटकलं.

तात्या म्हणाले, “फ्रेंच गेलं, देशाचं दोन तुकडं झालं. एकाच्या पाठीशी रशिया-चीन, दुसऱ्याच्या पाठीशी अमेरिका. मधी कोन करार मोडतंय ते बघायला कमिशन, त्यात आपला भारत. मी त्यांच्या पांढऱ्या जीपचा डायवर. मागं एक सायेब पोलंडचा, एक क्यानडाचा. दोगं एकमेकांशी बोलायचं न्हाईत. याला ऊन वाटलं की त्याला थंडी वाजायची.”

“मग फोटो दाखव की,” बबनराव.

“ट्रंक वाळवीनं खाल्ली.” हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलेलं असावं की आता त्यात जोरच उरला नव्हता. चाळीस वर्षं खरं बोलून खोटं ठरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला फार वाईट वाटलं.

“या पावण्यांनाच इचारा ना,” बबनराव म्हणाले.

तात्यांनी टोपी सावरली. चाळीस वर्षांत काय विसरलो, काय मनानं जोडलं, याची त्यांनाच धास्ती वाटत असावी. शेवटी ते मला म्हणाले, “त्यांना सांगा, लाल नदीवर लांबलचक लोखंडी पूल व्हता. मधी रेल्वे, दोन अंगांना रस्ता. गाड्या डावीकडनं जायच्या.”

मी घाईत शेवटचं तेवढंच इंग्रजीत सांगितलं, तिथं गाड्या डावीकडून जायच्या. लाननं नकारार्थी मान हलवली. व्हिएतनाममध्ये गाड्या उजवीकडून चालतात, ती म्हणाली. हे मला मराठीत सांगावं लागलं. बबनरावांनी मांडीवर थाप मारली आणि हशा पिकला. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आख्ख्या देशात उजवीकडनं,” ते हळू म्हणाले. “त्या एका पुलावर तेवढं डावीकडनं. पुलावर चढलं की मला गावाकडं आल्यासारकं वाटायचं. तेवढं सांगा त्यांना.”

या वेळी मी पुलासकट सगळं सांगितलं. लान ताट सोडून उभीच राहिली. तिचे वडील रोज त्याच पुलावरून सायकलनं कामाला जात होते. आणि हो, त्या पुलावर, फक्त त्याच पुलावर, सगळे डावीकडून जातात. तिथं गेल्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही, असंही ती म्हणाली. मी ते मराठीत बबनरावांकडे बघत सांगितलं, दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

तात्यांना मात्र जिंकल्याची शुद्धच नव्हती. “म्हंजे पूल अजून हाय? अमेरिकेनं बॉम्ब टाकलं, रेडिओवर ऐकलं व्हतं.”

“पुष्कळ कमानी पडल्या,” लान म्हणाली. “पुन्हा जोडल्या, पुन्हा पडल्या, पुन्हा जोडल्या. आता ठिगळं दिसतात. पण रेल्वे चालू आहे.”

तात्यांनी टोपीनंच डोळे पुसले आणि हसायला लागले. “ऱ्हायला म्हणायचा.” बबनराव उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. नंतर त्यांनीच लानला नारळ दिला आणि टॉवेलाचा फेटा बांधला, तो तिच्या नाकावर आला.

निघायला चार वाजले. तात्यांनी जीप डांबरी रस्त्यापर्यंत स्वतः आणून दिली, माझ्यावर विश्वास न ठेवता. परतीच्या वाटेवर लान फेट्यातच झोपली, राखेची पिशवी मांडीवर घेऊन. मोठ्या देशांनी कुणाच्या तरी घरावरून भांडावं आणि त्याची खूण बोरीतल्या एका ड्रायव्हरनं जिवापाड जपावी, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं. पण त्याहून जास्त आठवत होतं ते निघतानाचं.

तात्या जीप रस्त्याला लावून घरी परतल्यावर मी विसरलेली पिशवी घ्यायला अंगणात परत गेले होते. माणसं पांगली होती. साळूकाकू उष्टी ताटं तशीच ठेवून तात्यांसमोर पाटावर बसल्या होत्या.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “सांगा आता, अगदी पयल्यापासनं.”